आई-बाबा, नऊशे पौंड आणि सप्टेंबरातलं ब्रिटन

पत्र

ताई, मी मूळची साताऱ्याची. शैक्षणिक कर्ज काढून वर्षभर शेफिल्डला एमएससी करते आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला माझा प्रबंध जमा होईल आणि लगेच आई-बाबा पंधरा दिवसांसाठी येतील. विमानाची तिकिटं आणि व्हिसा बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतून झाले. बाबा माध्यमिक शाळेत इतिहास शिकवायचे. आता ६१ वर्षांचे आहेत, पण रोज सकाळी अजिंक्यतारा चढतात. आई ५७ वर्षांची. तिचे गुडघे दुखतात. ती भजनी मंडळात गाते. अर्धवेळ कामातून मी ९०० पौंड साठवले आहेत. तिघांचं राहणं, खाणं, फिरणं तेवढ्यातच बसवायचं आहे. घरमालक हो म्हणाला तर शेफिल्डमध्ये ते माझ्याकडेच राहतील, कारण घरातल्या बाकीच्या मुली तेव्हा गावी गेलेल्या असतील. मैत्रिणी म्हणतात, लंडन आयचा मोठा पाळणा, टॉवर ऑफ लंडनचा किल्ला, हॅरी पॉटरचा स्टुडिओ हे दाखवलं नाहीस तर इंग्लंड काय दाखवलंस? त्या तिकिटांची बेरीज केली तर माझे निम्मे पैसे तिथेच संपतात. बाबा फोनवर म्हणतात, ‘आम्ही तुला बघायला येतोय, बाकी काही नको.’ खरं सांगायचं तर मीही वर्षभरात लायब्ररी, खोली आणि कामाची शिफ्ट यापलीकडे काही पाहिलेलं नाही. कर्ज डोक्यावर असताना फिरणं चैन वाटते. अजून दोन महिने हातात आहेत. काय करू?

उत्तर

बाबांचं ‘बाकी काही नको’ हे शब्दशः घेऊ नकोस. आयुष्यभर वर्गात उभं राहून इतिहास शिकवलेल्या माणसाला सगळं बघायचं असतं. फक्त लेकीच्या खिशाला भार व्हायचं नसतं. तू ‘काय बघायचं?’ असं विचारत राहिलीस तर तेच उत्तर येत राहील. म्हणून विचारू नकोस, ठरवून सांग. आणि आल्या दिवशीच ९०० पौंडांचा हिशेब एका वहीत मांडून ती वही त्यांच्या हातात दे. पैसे लपवलेस, ‘बाबा, तुम्ही त्याची काळजी करू नका’ म्हणालीस, तर ते प्रत्येक कप चहाला मनातल्या मनात शंभराहून जास्तीने गुणत बसतील आणि चहा गार होईल. खर्च आधीच ठरलेला आहे आणि तो मर्यादेत आहे हे त्यांना दिसू दे. मग ते मोकळे होतील.

मी केलेली वाटणी अशी आहे. लंडनमध्ये तीन रात्री राहायला ३३० पौंड, समुद्रकाठच्या व्हिटबी गावात दोन रात्रींना १३०, सगळ्या प्रवासाला २४०, खाण्याला १५०. उरले ५०. ते आईचे. ती म्हणेल तिथे खर्च करायचे आणि त्यावर कुणी बोलायचं नाही. बाकीच्या रात्री तुझ्या घरी. या वाटणीत तिकीट काढून बघायच्या जागांसाठी एकही पौंड ठेवलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ते मी मुद्दाम केलं आहे.

ब्रिटनमध्ये तीन गोष्टी महाग आहेत: रात्रीचा बिछाना, ऐन वेळी काढलेलं रेल्वेचं तिकीट आणि कंपन्यांनी चालवलेल्या करमणुकीच्या जागा. त्याच देशात राष्ट्रीय संग्रहालयं फुकट आहेत, डोंगर फुकट आहेत, कॅथीड्रलमधलं सायंकाळचं गायन फुकट आहे, संसदेच्या गॅलरीत बसून चर्चा ऐकणंही फुकट आहे. यातलं काहीही गरिबांवर उपकार म्हणून ठेवलेलं नाही. लोकांनी भांडून, मागून, कायदे करून घेऊन ते सर्वांचं केलं आहे. संग्रहालयांचंच घे. मध्यंतरी अनेक राष्ट्रीय संग्रहालयांनी प्रवेशशुल्क लावलं होतं. ते २००१ पासून पुन्हा काढून टाकलं. म्हणून ‘परवडत नाही, त्यामुळे फुकटातलं बघतोय’ असा चेहरा करून आई-बाबांना फिरवू नकोस. या देशाची सगळ्यात चांगली बाजू तीच आहे, आणि तू तिच्या अगदी शेजारी राहतेस.

शेफिल्डमधून हाकेच्या अंतरावर पीक डिस्ट्रिक्ट हा डोंगराळ प्रदेश आहे, आणि बाबांना सांगण्यासारखी गोष्ट तिथेच घडली. शंभर वर्षांपूर्वी शेफिल्ड आणि मँचेस्टरच्या गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांना रविवारी मोकळी हवा हवी असायची आणि समोरचे डोंगर तर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेले. २४ एप्रिल १९३२ रोजी काहीशे तरुण हेफिल्ड गावातून निघाले आणि किंडर स्काउटच्या पठारावर बंदी मोडून चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा फक्त वीस वर्षांचा होता. जमीनदाराच्या रखवालदारांशी झटापट झाली, अटका झाल्या आणि पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. त्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. माळरानांवर आणि डोंगरांवर मोकळेपणाने चालण्याचा हक्क इंग्लंड-वेल्सच्या लोकांना २००० सालच्या कायद्याने मिळाला. किंडरची ती जमीन ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या घराण्याची होती. २००२ मध्ये, त्या सत्याग्रहाला ७० वर्षं झाली तेव्हा, तेव्हाच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. (सत्याग्रह हा शब्द माझा आहे, पण बाबांना तो पटेल. लंडनचं महाराष्ट्र मंडळही त्याच १९३२ सालचं, हेही त्यांना सांग. इतिहासाच्या मास्तरांना असे योग आवडतात.)

आता प्रत्यक्ष चालायचं कुठे? बाबांसाठी मॅम टॉर. शेफिल्डहून होप व्हॅलीच्या गाडीने ईडेल स्टेशनला उतर. अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास आहे. तिथून हॉलिन्स क्रॉस नावाच्या खिंडीत चढायचं, मग डोंगराच्या धारेवरून मॅम टॉरच्या माथ्यावर. उंची अवघी ५१७ मीटर. माथ्याभोवती मातीचे तट आणि खंदक अजून दिसतात, कारण हा कांस्ययुगाच्या अखेरीपासून वसलेला डोंगरी किल्ला होता. अजिंक्यताऱ्यावर रोज जाणाऱ्या माणसाला तिथे उभं कर आणि गप्प बस. तट कुठून फिरवलाय, दरवाजा कुठे असेल, पाणी कुठून आणत असतील, हे ते तुला सांगतील. उतरायचं कॅसलटन गावात आणि बसने शेफिल्डला परत. जानेवारी २०२५ पासून इंग्लंडातल्या बहुतेक बसचं एकेरी भाडं ३ पौंडांच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे. लांबच्या मार्गावर याचा फार फायदा होतो.

आईला त्या दिवशी सरळ कॅसलटनला नेऊन बसवणं मला बरं वाटत नाही. अनोळखी गावात तिला एकटीला ठेवू नकोस. तो दिवस तिने घरी झोप काढावी, किंवा बाबा सकाळच्या गाडीने एकटे जाऊन येऊ देत. ६१ वर्षांचे असले तरी रस्त्याला पाट्या आहेत, पिवळे बाण आहेत आणि त्यांना इंग्रजी वाचता येतं. तुला वाटतं त्यापेक्षा त्यांना ते आवडेल. फक्त फोनमध्ये नकाशा आधी उतरवून दे, रेनकोट दे आणि मदत लागली तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं, हे पाठ करून घे.

आईसोबतचा दिवस वेगळा ठेव. लेडीबॉवर जलाशय आणि त्याच्या वरच्या बाजूला डरवेंट धरण. काठाने सपाट रस्ता आहे, बसायला बाकं आहेत. लेडीबॉवरचं काम १९३५ मध्ये सुरू झालं, आणि १९४० च्या दशकात डरवेंट आणि अ‍ॅशोप्टन ही दोन गावं पाण्याखाली गेली. डरवेंटच्या चर्चचा मनोरा बराच काळ पाण्यातून डोकं वर काढून उभा होता. तो १९४७ मध्ये सुरुंगाने पाडला. तुम्ही साताऱ्याची माणसं. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या कुटुंबांशी तुमच्या घरातल्या कुणाची ना कुणाची ओळख असणार. आई-बाबांना हे ठिकाण नुसतं सुंदर दिसणार नाही, ओळखीचं वाटेल. डबा घेऊन जा, काठावर बसून खा.

तिसरा दिवस चॅट्सवर्थचा. महालाचं तिकीट महाग आहे, ते काढू नकोस. महालाभोवतीच्या विस्तीर्ण कुरणातून, नदीकाठाने चालायला पैसे पडत नाहीत. हरणं दिसतात, पुलावरून महालाची पूर्ण दर्शनी बाजू दिसते. आणि ज्याने माफी मागितली त्या ड्यूकच्या घराण्याचं घर तेच, म्हणजे किंडरची गोष्ट इथे पूर्ण होते.

यॉर्क आणि व्हिटबी मिळून तीन दिवसांची एक फेरी कर. शेफिल्डहून सकाळी रेल्वेने यॉर्क. इथे एक गोष्ट लक्षात ठेव, कारण तुम्ही बरोबर तिघं आहात: तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र प्रवास करत असतील तर अनेक रेल्वे कंपन्या गर्दीची वेळ सोडून ग्रुपसेव्ह नावाची एक तृतीयांश सवलत देतात. त्यासाठी कसलंही कार्ड लागत नाही. तुझं विद्यार्थ्यांचं रेलकार्ड असेल, बाबांना साठीनंतरचं निघू शकतं, पण पंधरा दिवसांसाठी नवं कार्ड विकत घेण्याची गरज नाही. ग्रुपसेव्ह आणि आगाऊ काढलेलं स्वस्त तिकीट यांची तुलना कर आणि कमी असेल ते घे. तिकीट रेल्वे कंपनीच्याच संकेतस्थळावरून काढ. दलाल अ‍ॅप वेगळं शुल्क लावतात.

यॉर्कला दोन गोष्टींसाठी वेळ काढ. एक, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. प्रवेश फुकट आणि स्टेशनच्या मागेच. १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा वाफेच्या इंजिनाचा विक्रम करणारं मॅलार्ड तिथे आहे, जपानच्या पहिल्या पिढीतल्या बुलेट ट्रेनचा डबाही आहे. दुसरी गोष्ट खास आईसाठी. यॉर्क मिन्स्टर हे तिथलं भव्य कॅथीड्रल बघायला तिकीट आहे, पण बहुतेक संध्याकाळी तिथे ईव्हनसाँग, म्हणजे सायंकाळची गायलेली प्रार्थना, असतं, आणि त्याला कुणीही येऊन बसू शकतं. गायकवृंद प्रार्थना गातो. साथीला ऑर्गन असतो आणि शेकडो वर्षांच्या दगडी कमानींमधून तो आवाज बराच वेळ फिरत राहतो. आयुष्यभर भजनात बसलेल्या बाईला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. मात्र हा तिकीट चुकवायचा मार्ग म्हणून जाऊ नका. ती उपासना आहे. पंधरा मिनिटं आधी पोचा, फोन बंद करा, सगळे उभे राहतात तेव्हा उभे राहा, फोटो काढू नका. देणगीची थाळी फिरली तर आईला तिच्या पन्नासातलं काही टाकायला आवडेल. वेळ त्या-त्या दिवशी संकेतस्थळावर बघून घे, कारण शाळांच्या सुट्टीत कधी कधी गायकवृंद नसतो आणि प्रार्थना नुसती म्हटली जाते. सप्टेंबरचा पहिला आठवडा त्यासाठी नीट तपास.

उशीर झाला तर व्हिटबीची शेवटची बस चुकेल, हे मात्र खरं. म्हणून उलटा क्रम लाव: यॉर्कहून दुपारीच ८४० क्रमांकाची कोस्टलायनर बस पकडून व्हिटबीला जा आणि परतताना यॉर्कला उतरून संध्याकाळ मिन्स्टरमध्ये काढ. ही बस लीड्सहून यॉर्क, पिकरिंग करत नॉर्थ यॉर्क मूर्सच्या माळरानावरून समुद्राकडे जाते. २०१८ मध्ये तिला ब्रिटनचा सर्वात निसर्गरम्य बसमार्ग म्हणून निवडलं होतं. ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या माळावर हेदरची जांभळी फुलं असतात. कास पठार फुललेलं पाहिलेल्या माणसांना खिडकीतून नजर काढवणार नाही. वरच्या मजल्यावर पुढची जागा पकड. दिवसात मोजक्याच फेऱ्या असतात, वेळापत्रक आधी बघ.

व्हिटबीत काय करायचं? फारसं काही नाही, आणि तेच त्याचं सुख आहे. बंदराच्या दोन लांब धक्क्यांवरून चालत जायचं, होड्या बघायच्या. कॅप्टन कुक तरुणपणी इथे जहाजमालकाकडे उमेदवारीला होता, आणि त्याचं एंडेव्हर जहाजही याच गावात बांधलेलं. जुन्या गावातून कड्यावरच्या चर्चकडे १९९ पायऱ्या चढतात. त्या आईसाठी नाहीत. तू आणि बाबा पहाटे चढून या. दुसऱ्या दिवशी एक्स ९३ बसने रॉबिन हूड्स बे या कोळ्यांच्या जुन्या गावात जा. भरती-ओहोटीची वेळ बघूनच वाळूत उतरा, कारण भरतीच्या वेळी कड्याखालची वाट बंद होते. मासे खात असाल तर एका संध्याकाळी बंदरावर फिश अँड चिप्स घ्या. तिघांत दोन पुरतात.

राहण्यासाठी युथ हॉस्टेलची कौटुंबिक खोली बघ. नावात युथ असलं तरी वयाची अट नाही, आणि स्वयंपाकघर वापरता येतं. हीच गोष्ट खाण्याचे पैसे वाचवते. आईने साताऱ्याहून मेतकूट, भाजणी आणि लसणाची चटणी आणली की झालं. तांदूळ, दूध, भाज्या, अंडी तिथल्या सुपरमार्केटमध्ये घ्या. संध्याकाळी पिवळ्या चिकटपट्टीचे उतरत्या किमतीचे पदार्थ असतात, ते घेण्यात लाज नाही. नळाचं पाणी पिण्याचं आहे, बाटली भरून घ्यायची. थर्मास मात्र हवाच. गुरुद्वाऱ्यातलं लंगर सगळ्यांना खुलं असतं हे तुला कुणीतरी सांगेलच. जरूर जा, पण रोजचं जेवण वाचवायला नको. एकदा जा, आणि जेवणानंतर आईसोबत भांडी घासायला किंवा पोळ्या लाटायला बस. तिच्या आठवणीत राहील.

लेक डिस्ट्रिक्ट आणि स्कॉटलंड या वेळी सोड. दोन्ही सुंदर आहेत, पण तिघांचा रेल्वेखर्चच या बजेटला झेपणार नाही, आणि पंधरा दिवसांत अर्धा वेळ गाडीत जाईल. ते तुझ्यासाठी राहू दे.

लंडनला रेल्वेने जाऊ नका. शेफिल्डहून कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, घ्या. चार तासांच्या आसपास लागतात आणि आधी काढलं तर तिकीट रेल्वेच्या मानाने फारच कमी पडतं. राहायला विद्यापीठांची वसतिगृहं शोध. उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकाम्या खोल्या ती पाहुण्यांना भाड्याने देतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या वसतिगृहांतही अशा खोल्या मिळतात, काही ठिकाणी नाश्त्यासकट. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात विद्यार्थी परतू लागले की खोल्या संपतात, म्हणून लंडन आधी करा आणि व्हिटबी नंतर. शहरात मेट्रोपेक्षा बस स्वस्त. पहिल्या बसपासून एका तासात दुसरी बस बदलली तर वेगळं भाडं पडत नाही, आणि दिवसभराच्या भाड्यालाही मर्यादा असते. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं, एकाच कार्डवर तिघं चालत नाहीत.

लंडनमधल्या एका दिवसाचा आराखडा मी इथेच देते, कारण तो कुठल्याही पॅकेजमध्ये मिळणार नाही. सकाळी वॉरिक अ‍ॅव्हेन्यू स्टेशनजवळच्या हावली प्लेसमध्ये १० क्रमांकाच्या घराकडे जा. भिंतीवर निळी पाटी आहे: लोकमान्य टिळक इथे १९१८-१९ मध्ये राहत होते. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यासाठी ते लंडनला आले होते. तो खटला ते हरले. तिथून दोन पावलांवर लिटल व्हेनिस हा कालव्याकाठचा परिसर आहे. तिथून रीजंट्स कॅनॉलच्या काठाने पूर्वेकडे चालत निघा. मधे एका बोगद्यापाशी रस्त्यावरून वळसा घ्यावा लागतो, बाकी वाट सपाट आहे. कालवा प्राणिसंग्रहालयाच्या मधून जातो. प्रिमरोझ हिलपाशी वर या, टेकडीवर बसून अख्खं लंडन बघा. लंडन आयचं तिकीट काढून जे दिसतं त्यातलं बरंचसं इथून दिसतं. मग टेकडीच्या पलीकडच्या किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचं घर. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं, आणि आता तिथे स्मारक आहे. उघडण्याच्या वेळा आधी बघून जा.

त्या घरात थोडा वेळ थांब, आणि हे खास तुझ्यासाठी सांगते. पैशांची ओढाताण असतानाच बाबासाहेब लंडनला शिकत होते. आधी एकदा शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अर्ध्यावर परतावं लागलं होतं. १९२० मध्ये ते पुन्हा आले, १९२३ मध्ये डी. एस्सी. घेतली, बॅरिस्टरही झाले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते तासन् तास बसत. दुसऱ्या दिवशी त्याच ब्रिटिश म्युझियममध्ये बाबांना घेऊन जा. तिथे अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये टिपू सुलतानचा वाघ आहे. दोन्ही ठिकाणी प्रवेश फुकट. ही शिल्पं, हा वाघ इथे कसा आला यावर बाबा बोलतील, आणि त्यांना राग आला तर तो येऊ दे. तोही बघण्याचाच भाग आहे.

सावरकर आणि इंडिया हाउससाठी हायगेटला ६५ क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूपर्यंत जायचं असेल तर त्याला अर्धा दिवस लागेल. परतताना हॅम्पस्टेड हीथवर पार्लमेंट हिल आहे. ते बाबांवर सोपव.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बहुधा संसद चालू असते, नंतर पक्षांच्या अधिवेशनांसाठी सुटी होते. हाउस ऑफ कॉमन्सच्या गॅलरीत रांग लावून फुकट बसता येतं. बुधवारी दुपारचे पंतप्रधानांचे प्रश्न सोडून दुसरी वेळ निवड, तेव्हा गर्दी कमी असते. नागरिकशास्त्रही शिकवलेल्या माणसाला यापेक्षा मोठी भेट तू देऊ शकणार नाहीस.

टॉवर ऑफ लंडनबद्दल विचारशील. कोहिनूर तिथे आहे, १८४९ मध्ये बालवयातल्या दुलीपसिंगाकडून करारात लिहून घेतलेला. पण तिघांच्या तिकिटांत व्हिटबीच्या दोन रात्रींचे बहुतेक पैसे निघतात. माझ्या मते तो सौदा वाईट आहे. बाबांना तो हिरा बघायचाच असेल तर ते एकटे आत जाऊ देत, तुम्ही दोघी टेम्सच्या काठावर बसा. हॅरी पॉटरचा स्टुडिओ तुला स्वतःला बघायचा असेल तर पगार सुरू झाल्यावर बघ. आई-बाबांना त्यात गंमत वाटणार नाही, आणि मैत्रिणींना उत्तर द्यायला तू बांधील नाहीस.

सप्टेंबरात आणखी एक सोय आहे. हेरिटेज ओपन डेज नावाचा उपक्रम इंग्लंडभर दरवर्षी या महिन्यात होतो. एरवी बंद असलेल्या किंवा तिकीट असलेल्या अनेक जुन्या इमारती त्या दिवसांत फुकट उघडतात. शेफिल्डमधल्या जागांची यादी ऑगस्टमध्ये बघ आणि एखादा दिवस तिला दे. पावसाचा दिवस निघाला तर लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये जा. तिथे भारतातून आणलेलं हत्तीचं चिलखत आहे. प्रवेशाला पैसे नाहीत.

आणि तुझं काय? वर्षभर तू काही पाहिलं नाहीस, कारण कर्जाच्या काळात फिरणं तुला चैन वाटलं. ईडेलला जाऊन यायचा खर्च एका शिफ्टच्या तासा-दीड तासाच्या पगाराएवढा आहे. महिन्यातून एक रविवार तेवढा काढल्याने तुझं कर्ज लांबणार नाही. न काढल्याने मात्र काय होतं ते तुझ्या पत्रात दिसतंय. विद्यार्थी संघटनेचा डोंगर चढणाऱ्यांचा गट असतो. त्यात नाव घाल. अनेक गट बूट आणि रेनकोट उसनेही देतात. नाहीतर जुने कपडे विकणारी धर्मादाय दुकानं आहेतच, तिथे चांगली जॅकेटं स्वस्तात मिळतात. आई-बाबांसाठीही एकेक घेऊन ठेव, बॅगेतलं वजन वाचेल. आणि त्यांच्या येण्याआधी प्रबंधाच्या मधे एक रविवार काढून तू एकटी मॅम टॉरला जाऊन ये, म्हणजे बाबांना कुठली खिंड, कुठला बाण हे सांगता येईल.

एका बाबतीत काटकसर करू नकोस: आई-बाबांचा प्रवासविमा. ब्रिटनमध्ये पर्यटकांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर खर्च स्वतःचा असतो, आणि तो तुझ्या ९०० पौंडांत कुठेच बसणार नाही. आईच्या गुडघ्यांचा आणि कुणाला बीपी-मधुमेह असेल तर त्याचा उल्लेख विम्याच्या अर्जात खरा-खरा करायला सांग. औषधं पंधरा दिवसांपेक्षा थोडी जास्त आणू देत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

या आठवड्यात तीन कामं कर. घरमालकाला लेखी विचार की पाहुणे इतक्या रात्री राहिले तर चालेल का. त्याचं हो ईमेलमध्ये हवं. लंडनची खोली राखून ठेव, रद्द करता येणारी. आणि कोचची तिकिटं काढ, कारण ती दर आठवड्याला महाग होत जातात. यॉर्कचं रेल्वेचं तिकीट पुढच्या महिन्यात काढलंस तरी चालेल.